वरातीचं पेट्रोल

गॅरेजमध्ये गाडी कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर तिचं निदानही येतं. मालकानं ते आधीच करून ठेवलेलं असतं, मेव्हण्यानं त्याला दुजोरा दिलेला असतो आणि सोसायटीच्या वॉचमननं त्यात स्वतःची भर घातलेली असते. आपण फक्त पाना हातात घेऊन 'बरोबर आहे तुमचं' म्हणायचं. ठाण्याला वर्तकनगरात मी इतकी वर्षं गॅरेज चालवलं, त्यातला निम्मा वेळ गाड्या उघडण्यात गेला आणि निम्मा ही निदानं हळूच बाजूला सारण्यात. दुसरं काम जास्त नाजूक. नट-बोल्टला मान-अपमान नसतो.

डोंबिवलीला माझ्या शेजारच्या इमारतीत एक गृहस्थ राहत. त्यांची गाडी दर गुरुवारी सकाळी चालू व्हायची नाही. फक्त गुरुवारी. बाकीचे दिवस ठणठणीत. गृहस्थ दत्तभक्त. त्यांनी आधी गुरुवारचा उपास कडक केला, मग डॅशबोर्डवरची मूर्ती बदलली, आणि तरीही दाद लागेना तेव्हा माझ्याकडे आले. म्हणजे मी देवानंतरचा. मी गाडी आतून-बाहेरून तपासली, काही सापडलं नाही. शेवटी एका गुरुवारी त्यांच्या सोसायटीच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. त्या सोसायटीत पाण्याचा टँकर गुरुवारी पहाटे यायचा. पाणी आलं की वॉचमन पाइप घेऊन ओळीनं सगळ्या गाड्या धुवायचा, आणि या गृहस्थांवर त्याचा विशेष लोभ असल्यामुळे यांच्या गाडीचं बॉनेट उघडून आतूनही अंघोळ घालायचा. आत पाणी गेलं की ठिणगी पडत नाही, ठिणगी नाही म्हणजे गाडी नाही. मी वॉचमनला पाइप बॉनेटबाहेर ठेवायला सांगितलं. गृहस्थांनी उपास मात्र कडकच ठेवला, न जाणो.

त्या गुरुवारनं मला एक गोष्ट शिकवली: गाडीचा आजार पुष्कळदा गाडीत नसतोच. मी ती नीट शिकलो असतो तर बाळारामशेठच्या गाडीनं मला इतकं नाचवलं नसतं.

बाळारामशेठचं गाव शीळफाट्याच्या अलीकडे. आता चारी बाजूंनी टॉवरांनी वेढलेलं. त्या टॉवरांना परदेशी सरोवरांची नावं आहेत, आत पोहण्याचे तलाव आहेत, आणि नळाला पाणी बाळारामशेठच्या टँकरचं आहे. त्यांच्या शेतात चांगल्या दोन-तीन बोअरवेल लागल्या आणि भातशेती सोडून त्यांनी पाण्याचा धंदा धरला. रस्त्यात जमिनी गेल्या तेव्हा गावात ज्यानं त्यानं बंगला बांधला आणि बंगल्याच्या गच्चीवर सिमेंटचा गरुड, विमान, फुटबॉल असं ज्याला जे परवडलं ते बसवलं. बाळारामशेठनी घर होतं तसंच ठेवलं आणि एक गाडी घेतली. जपानी, लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, छत मागे दुमडता येणारी. दिवे बॉनेटमध्ये लपलेले. बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे टपकन वर येतात. घेतली तेव्हाच ती जुनी होती. आता तर तिच्या जातीच्या गाड्या तिकडे जपानातही हौशी लोकच सांभाळतात.

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली ती टो व्हॅनवर चढून. खाली उतरवेपर्यंत बाळारामशेठ पांढऱ्या सदऱ्यात, गळ्यातली साखळी सावरत, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे उभे होते.

"मास्तर, हिचा पंप गेला."

मला सगळे मास्तर म्हणतात. एक चष्मा आणि गॅरेजातलं पुस्तकांचं कपाट, एवढ्या भांडवलावर मिळालेली पदवी आहे ती.

"कुणी सांगितलं पंप गेला?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? याच्या आदीचा बी असाच गेल्ता. ही गारी मना पाठ झालीय."

त्यांच्या आगरी बोलीत 'ड'चा पुष्कळदा 'र' होतो, तशी गाडीची 'गारी' होते. मला तो शब्द आवडतो. जास्त गोल वाटतो. आणि नवल म्हणजे या वेळी गिऱ्हाइकाचं निदान अचूक होतं. अशा गाडीत चावी फिरवली की मागच्या बाजूनं क्षणभर 'झुंऽ' असा बारीक आवाज यायला हवा. तो पेट्रोल पंपाचा. इथे सगळं शांत. आमचा वायरिंगवाला युसुफ गॅरेजात माझ्या बरोबरीचा भागीदार. त्यानं फ्यूज पाहिला, रिले पाहिला, पंपापर्यंत करंट पोचतोय हे मीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, "लाइट तर भरपूर आहे मास्तर. घेणाराच मेलाय."

इथे जरा पंपाचं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. अशा गाड्यांमध्ये पंप टाकीच्या बाहेर नसतो, आतच असतो, पेट्रोलात बुडालेला. विजेची मोटर पेट्रोलात बुडवून ठेवलेली आहे हे ऐकून लोक दचकतात. पण तिची खुशाली त्यातच आहे. सतत फिरून ती तापते, आणि भोवतीचं पेट्रोल तिला गार ठेवतं, वंगणही तेच देतं. पेट्रोलात आहे तोवर ती वर्षानुवर्षं टिकते.

जपानहून नवा पंप मागवला. यायला वेळ लागला, आला, बसवला, गाडी छान चालू झाली. बाळारामशेठनी मला पेढे दिले आणि शेवटी काही सल्ला द्यायचा म्हणून मी विचारलं, "चालवता कशी?"

"कशी म्हंजी? उरवतो! एकशेवीस! शीलवरून कल्यानला डोल्याचं पातं लवायच्या आत."

शीळ-कल्याण रस्ता ज्याला ठाऊक आहे त्याला हे ऐकून खोकला येईल. त्या रस्त्यावर दिवसाढवळ्या एकशेवीसनं फक्त कावळे जातात. पण स्पोर्ट्‌स कारच्या मालकाला वेग विचारणं म्हणजे पहिलवानाला जोर विचारण्यासारखं आहे. आपण मान हलवायची असते.

काही महिन्यांनी गाडी परत टो व्हॅनवर. पंप गेलेला.

आता मात्र मी हट्टाला पेटलो. टाकी खाली उतरवली. जुन्या टाकीत गंज सुटतो, तो जाळीत अडकतो, मग पंपाला ओढ लागते आणि तो दमतो; तसं असेल म्हटलं. टाकी आतून लख्ख. फिल्टर स्वच्छ. पेट्रोलात पाणी असेल म्हटलं, हल्ली पेट्रोलात काय काय मिसळतात म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक मला ऐकवतच असतं. पण तपासायला टाकीत पेट्रोलच नव्हतं. टो करताना काढलं असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. युसुफनं पंपाच्या दोन्ही वायरी बदलल्या, अर्थिंगचा जोड घासून नवा केला. शेवटी मेलेला पंप शिकंज्यात धरून हॅकसॉनं मधोमध कापला. आतलं पोलाद निळसर पडलं होतं, प्लॅस्टिक करपून तपकिरी झालं होतं.

"भाजलाय," युसुफ म्हणाला.

"पेट्रोलात बसून भाजेल कसा?"

"तेच तर."

मी बाळारामशेठना फोन लावला. "शेठ, गाडी रिझर्व्हवर चालवता का?"

ते दुखावले. "मास्तर, माझे टँकर बघा किती हायत. मी रिजर्ववर चालवनार? मी?"

हा पंपही बदलला. त्या दरम्यान एक गोष्ट मला खटकत होती. आधीच्या पंपापासून या पंपापर्यंत गाडीच्या मीटरवर किलोमीटर फारच थोडे पडले होते. एकशेवीसनं उडणारी गाडी महिनोन्‌महिने उडून जेमतेम खोपोलीला जाऊन येईल एवढीच चालली होती. मी शेठना तसं म्हणालो तर ते म्हणाले, "काटा बंद हाय." युसुफनं लगेच जाऊन पाहिलं. काटा उत्तम चालू होता.

त्या सुमाराला गाडीपाशी एक टोपीवाले सद्‌गृहस्थ येऊ लागले. ठाण्याच्या कुठल्याशा जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि हातमोजे घालूनच गाडीला हात लावत. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हिला समुद्राची हवा मानवत नाही."

"शीळला समुद्र कुठाय?" युसुफनं विचारलं.

"खाडी आहे ना," ते डोळे न उघडता म्हणाले.

हे गृहस्थ गाडी विकत घ्यायला आले होते, आणि त्यामागे एक दुखणं होतं ते मला बाळारामशेठच्या मुलीकडून कळलं.

हर्षदा शेठची एकुलती एक. ठाण्याला बँकेत नोकरी. संध्याकाळी सुटल्यावर एकदा ती गॅरेजवर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, तिच्या मागच्या दिव्यावरची धूळ ओढणीनं पुसली आणि मला म्हणाली, "काका, ही गाडी पप्पा विकतायत. तुम्हाला माहितीय?"

"टोपीवाले येतात ते त्यासाठीच होय?"

"मागच्या वेळी ही माझ्या चुलत भावाच्या लग्नात बंद पडली. बरोबर मांडवापुढे. डीजेवाल्या पोरांनी ढकलत आत नेली. तेव्हापासून सगळी बोलतायत, पनवती आहे, लग्नात नको. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. मी लहानपणापासून सांगत आलेय, माझ्या वरातीला हीच गाडी आणि ती मी चालवणार. मी गाडी शिकलेली पण हिच्यावरच, आमच्या अंगणात. आता पप्पा बोलतात, तुझ्या लग्नात बंद पडली तर मी तोंड दाखवू शकणार नाही. त्यांनी रथ ठरवलाय."

"रथ?"

"थर्माकोलचा हंस, काका. त्याच्या पाठीवर खुर्ची. हंसाचे डोळे बॅटरीवर लुकलुकतात." तिनं ओढणीवरची धूळ झटकली. "मला हंसावर नाही बसायचं."

मी हसलो, पण तिचे डोळे भरून आले होते, तेव्हा हसू आवरलं. तिनं वडलांकडून एवढं कबूल करून घेतलं होतं की मास्तरनी लग्नाआधी 'आता बंद पडणार नाही' असा शब्द दिला तर गाडी राहील, नाहीतर टोपीवाले ती घेऊन जातील. शब्द द्यायला मला कारण कळायला हवं होतं. पंप मी हवे तेवढे बदलू शकत होतो. ते का मरतात हे मला कळत नव्हतं, आणि कळत नसताना शब्द देणं हा आमच्या धंद्यातला खोटेपणा. पुढारी तो करू शकतात, मेकॅनिकला जमत नाही. त्याची गाडी परत येते.

दुसऱ्या आठवड्यात बाळारामशेठच्या भाच्याचं लग्न होतं. "मास्तर, तुमी आनि युसुफभाय दोगांनी यायचं. जेवायचं. गारी बी निघनार हाय, शेवटची." गावातलं बोलणं मनावर न घेणारा हा भाचा एकटाच निघाला होता. मी म्हटलं, येतो.

शीळफाट्याला उतरून रिक्षानं गावात पोचलो तेव्हा दुपार कलती होती आणि ऊन अजून तव्यासारखं होतं. बाळारामशेठच्या अंगणात गाडी फुलांनी मढवून उभी. छत मागे दुमडलेलं. तेवढ्यात नवरदेवाचा काका पाण्याची दोन लिटरची बाटली घेऊन आला. बाटलीत पेट्रोल. बाटलीला हळदीकुंकवाची बोटं लावलेली. पेट्रोल पंपावर बाटलीत देत नाहीत म्हणून ते नवरदेवाच्या मोटरसायकलमधून काढलेलं होतं. बायकांनी गाडीला ओवाळलं, काकानं बाटली टाकीत रिकामी केली आणि झाकणालाही कुंकू लावलं.

"हे काय?" मी युसुफला विचारलं.

"नैवेद्य," तो म्हणाला.

नवरदेव मागच्या दुमडलेल्या छतावर चढून बसला, चुलत भाऊ चालवायला, आणि वरात निघाली. पुढे बेंजो, मागे डीजे, मध्ये गाडी. मी चपला घालून गाडीच्या बाजूनं चालत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी गाडीच्या पुढे गेलोय. थांबून तिला गाठू दिलं. परत पुढे गेलो. साठीतला, गुडघे दुखणारा माणूस एका स्पोर्ट्‌स कारला पायी मागे टाकत होता. तिच्या पहिल्या गिअरच्या वरचे गिअर गावात कुणी पाहिले तरी होते की नाही कोण जाणे. नाचणारी पोरं वाटेत अडली की गाडी उभी, इंजिन चालू. ऊन वरून, इंजिनची धग खालून.

"ही गाडी अजून कुठे कुठे जाते?" मी बाजूच्या माणसाला विचारलं.

"कुठं नाय जात. वरातीला जाते. गावात कुनाचं बी लगीन असू दे, बालारामशेट गारी देतो. एक पैसा घेत नाय. मोठा मानूस हाय."

एकशेवीसचं कोडं सुटलं. पण पंपाचं अजून अर्धंच सुटलं होतं. पेट्रोल कमी असतं हे कळलं. तरी मांडवापर्यंत पोचण्याइतकं ते पुरत होतं. बंद पडली तर पेट्रोल संपून पडेल, पंप कशाला जळेल?

लग्न लागलं, जेवणं झाली. आम्ही निघायला अंगणात आलो तेव्हा गाडी परत आली होती आणि इंजिन चालूच होतं. आत कुणी नव्हतं. बाळारामशेठची आई, सगळं गाव जिला आय म्हणतं, ती हातात ताट घेऊन गाडीसमोर खुर्चीवर बसली होती. बाजूला दोन-तीन बायका.

"बंद करायला विसरले," मी म्हणालो आणि चावीकडे हात नेला.

"ए, ए मास्तर!" आय ओरडली. "हात नको लावू. तिची ती निजूं दे."

"म्हणजे?"

"पेट्रोल सरलं का निजते ती."

गाडी खोकली. गचकली. चुलत भाऊ धावत आला, त्यानं पुन्हा चावी फिरवली, ती पुन्हा थोडी चालली, पुन्हा खोकली. त्यानं आणखी एकदा चालू केली. आणि या सगळ्यात मागून तो आवाज येत होता जो ऐकायला मी इतके महिने तडफडत होतो. 'झुंऽ' नव्हता तो. कोरड्या टाकीत, पेट्रोल नसलेल्या हवेत फिरणाऱ्या पंपाची ती तीव्र, चिरकी किंकाळी. भाजणाऱ्या माणसाची असावी तशी. शेवटी सगळं शांत झालं. आयनं उठून गाडीला ओवाळलं, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "सुटली पोर."

मी युसुफकडे पाहिलं. त्यानं कपाळाला हात लावला होता.

"आय, हे प्रत्येक वेळी करता?"

"मंग? ज्याच्या लग्नाचं पेट्रोल त्याच्याच वरातीत सरलं पायजे. दुसऱ्याच्या वरातीला उरलेलं कशाला?"

हे कधीपासून, असं विचारल्यावर कळलं ते असं. गाडी आली त्याच वर्षी भीमा नावाच्या कुणाच्या लग्नातलं पेट्रोल टाकीत उरलं होतं. महिन्याभरात भीमाची बायको माहेरी निघून गेली ती परत आली नाही. पुढच्या नवरदेवाच्या घरची मंडळी म्हणाली, भीमाचं पेट्रोल आमच्या वरातीला नको. तेव्हापासून टाकी दर वेळी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायची. भीमाचा स्वभाव कसा होता असं मी पुढे एकदा विचारलं. सगळ्यांनी नुसत्या माना हलवल्या. म्हणजे पेट्रोलचा दोष नसावा.

आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं यात कुणाचीही लबाडी नव्हती. माणूस मेकॅनिकला गाडीचं सांगतो. हे गाडीचं नव्हतंच. हे लग्नाचं होतं.

बाळारामशेठ विडा चघळत आले. त्यांना मी बाजूला खुर्चीवर बसवलं.

"शेठ, तुमच्या बोअरवेलमध्ये मोटर कुठे असते?"

"खाली. पान्यात."

"पाणी खाली गेलं, मोटर उघडी पडली, तरी चालूच ठेवली तर?"

"जलते की. लगेच जलते. म्हनून तर पानी कमी झालं का बंद परायची बटनं लावलीत मी." ते माझ्याकडे पाहून हसले. "कोरडी मोटर चालवाला येरा हाय का मी?"

आम्ही दोघं नुसते गाडीच्या टाकीकडे पाहत राहिलो. बाळारामशेठनी आमची नजर जिथे होती तिथे पाहिलं, मग आयकडे पाहिलं, मग चुलत भावाकडे. विडा चघळायचा थांबला.

"आयला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "सगले पंप मीच जालले?"

"गावानं मिळून."

त्यांना खरं म्हणजे हायसं वाटलं. गाडी पनवती नव्हती. पण लगेच चेहरा उतरला. "तरी काय उपेग? टाकी भरून ठेवली तर लोकं बोलनार, याच्यात कुना कुनाचं पेट्रोल हाय. हर्षूच्या सासरची तर आदीच कुजबुजतायत. लगीन हाय, मास्तर. बोअरवेल नाय."

इथे माझी विद्या संपली. पेट्रोलला गोत्र नसतं हे मी त्यांना पुस्तकं उघडून पटवलं असतं, तरी वरातीत कुणी ते वाचलं नसतं. तेव्हा खुर्चीवरून आय बोलली.

"बाला, तांदलाचा डबा मी कवा झारून पुसून रिता केला का रं?"

"नाय."

"मूठभर राखतेच ना? नवीन तांदूल आलं का त्याच राखलेल्यावर ओतते. रिता डबा घरात ठेवत नाय. मंग ही बी घरचीच हाय ना?" तिनं गाडीकडे बोट केलं. "टाकीत आपल्या घरचं राखायचं. बरकतीचं. त्याच्यावर ज्याच्या घरचं लगीन, त्यानं आपलं ओतायचं. त्याचं सरलं का बंद करायची. आपलं तसंच राहील."

भीमाच्या पेट्रोलचा एवढ्या वर्षांचा कायदा एका डब्यानं रद्द झाला होता. आता मंजुरीची तेवढी वाट होती, आणि ती मंजुरी माझ्याकडे मागितली गेली.

"काय मास्तर? वरचं आदी जलतं ना?"

पेट्रोल टाकीत पडलं की एक होतं. वरचं-खालचं असं काही राहत नाही, आणि पंप तर तळाचंच ओढतो. हे मला माहीत आहे, युसुफला माहीत आहे, आणि माझी खात्री आहे, बाळारामशेठनाही माहीत होतं. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांची खुळं निदानं परतवून लावली आहेत आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. मी चष्मा काढून पुसला.

"आय, नवं जुनं एकदा डब्यात मिसळलं की भात सगळा एकाच चवीचा होतो ना?"

"होतो."

"मग तसंच."

तिला हवं ते उत्तर मिळालं, मला माझं. युसुफ परत येताना रिक्षात म्हणाला, "मास्तर, तुम्ही राजकारणात जायला हवं होतं."

हर्षदाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नवा पंप बसवला आणि मी शब्द दिला. बाळारामशेठनी स्वतः गाडी पेट्रोल पंपावर नेऊन टाकी काठोकाठ भरून आणली, बरकतीचं पेट्रोल इतकं असतं का, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "माझी पोरगी हाय. मूठ माझी मोठी हाय." वर नवरदेवाच्या आंबिवलीच्या घरून आलेली बाटली ओतली. थर्माकोलचा हंस परत गेला. टोपीवाले गृहस्थ लग्नाला आले होते. त्यांनी डोळे मिटून बॉनेटवर हात ठेवला आणि खाडीकडून वारा फिरलाय, असं सांगितलं.

हर्षदानं गाडी चालवली. शालू सावरून, मुंडावळ्या मागे सारून, पहिल्या गिअरमध्ये. मी या वेळीही बाजूनं चालत होतो, पण पुढे गेलो नाही. कान मागच्या बाजूला लावला होता. बेंजोच्या मधल्या एखाद्या विश्रांतीत ऐकू यायचं: झुंऽ. शांत, भरल्या पोटाचं. मांडवापुढे गाडी आली तेव्हा बाळारामशेठनी डोळे मिटून घेतले होते. गाडी थांबली, इंजिन चालूच होतं, हर्षदानं चावी फिरवून ते बंद केलं. "पप्पा, उघडा डोळे. मीच बंद केली."

पाठवणी संध्याकाळच्या आत झाली. ती याच गाडीतून आंबिवलीला जाणार होती, ती चालवणार आणि नवरा शेजारी. बाळारामशेठना तिच्याशी बोलवेना. ते मला कोपरानं ढोसून म्हणाले, "तिला सांगा, मास्तर, काटा पाव टाकीवर आला का भरायचं. रिजर्वला जाऊ द्यायचं नाय."

मी खिडकीशी वाकून सांगितलं.

"हे पप्पांनी सांगितलं ना?"

"हो."

तिनं आरशात मागे पाहिलं. तिथे बाळारामशेठ उपरण्यानं गाडीचा मागचा दिवा पुसत होते, जो आधीच स्वच्छ होता. मग ती गेली. गल्लीच्या तोंडाशी मी दुसरा गिअर ऐकला. त्या गावात तो आवाज बहुधा पहिल्यांदाच होत असावा.

गाडी नंतर परत आली. ती घरचीच आहे, गावातल्या लग्नांना अजूनही जाते आणि टाकीतला पंप अजून तोच आहे. पण माझ्या मते गोष्ट संपते ती दोन आठवड्यांनी आलेल्या फोनवर. एका सकाळी बाळारामशेठचा आवाज इतका चढलेला होता की मला वाटलं, पंप गेला.

"मास्तर, मोबाइलवर चलान आलाय. सरकारी. नाशिक हायवेवरचा. पोरीनं आनि जावयानं पहाटे गारी नेल्ती. फोटो बी हाय, माझी नंबर प्लेट हाय. मना चष्मा सापरत नाय. तुमाला पाठवलाय, वाचा. वेग काय लिवलाय?"

मी वाचून सांगितला. मर्यादेच्या बराच वर होता. एकशेवीसलाही थोडा कमी पडला होता, पण मी तेवढा फरक बोललो नाही.

मग ते मोबाइल बाजूला धरून घरात ओरडले ते मला स्पष्ट ऐकू आलं: "आय, ऐकलंस? मी सांगत व्हतो ना! सरकारनं लिहून दिलंय!"